हेलपाट्याचे पैसे

"किती द्यायचे?"

"द्या तुम्ही समजून."

घरी कामाला आलेल्या माणसाशी होणारा हा संवाद तुम्हां सगळ्यांच्या ओळखीचा असेल. आमच्या जतमध्ये तर तो रोज कुठल्या ना कुठल्या दारात होतच असतो. पंखा फिरू लागलेला असतो, नळ गळायचा थांबलेला असतो, वायरमन पिशवी आवरून उंबऱ्याशी उभा असतो, आणि आपण पाकिटात बोटे घालून अंदाज बांधत असतो. दोनशे दिले तर जास्त होतील का? शंभर दिले तर तोंड वाकडे करील का? मग मधला मार्ग म्हणून दीडशे पुढे करायचे. तो न मोजता खिशात घालतो आणि गाडीला किक मारतो. तो नाराज होऊन गेला की खूश होऊन, हे आपल्याला कळत नाही. आपण फसलो की तो फसला, हे तर दोघांनाही कळत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही "समजून द्या" पद्धत आता बंद व्हायला हवी. दिसायला ती फार सज्जन आहे, पण तिच्यामुळे कारागिराचे नुकसान होते आणि घरमालकाचेही. दुसरे मत असे, की कारागीर आपल्या घरी आला, एवढ्याचे पैसे, काम होवो न होवो, आपण बिनतक्रार द्यायला हवेत. हे दुसरे मत आमच्या घरात आणि नातेवाइकांत फारसे कुणाला पटत नाही. "नुसते येऊन बघायचे कसले पैसे?" असे सगळे म्हणतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी हे बघा, की आमच्या भागात सगळ्याच कामांचे दर असे धूसर नाहीत. बोअर मारायचा असेल तर दर फुटावर असतो. जसजसे खोल जावे तसतसा फुटाचा दर वाढत जातो, केसिंग पाइपचे पैसे वेगळे. हे सगळे गाडी शेतात शिरण्याआधी ठरलेले असते. पाणी लागो वा न लागो, फुटाचे पैसे द्यावेच लागतात, आणि जतचा शेतकरी ते देतो. कोरडा बोअर गेला म्हणून गाडीवाल्याला परत पाठवल्याचे मी तरी ऐकले नाही. मोटारीचे वाइंडिंग जळाले तर ते भरण्याचा दर मोटार किती एच.पी.ची आहे त्यावर. गवंडी हजेरीवर येतो, नाहीतर काम उक्ते, म्हणजे अंगावर घेतो. दोन्हीचा हिशेब आधी होतो. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजात होतो. तेव्हा आमच्याकडची धडधाकट माणसे खडी फोडायला जात. त्या कामाचीसुद्धा मापे घेतली जात आणि मापावर मजुरी मिळे. मजुरी तुटपुंजी होती, पण कशाचे किती हे माणसाला ठाऊक होते.

मग पंखा, नळ, स्टार्टर, मिक्सर, गिझर यांच्याच दुरुस्तीचे घोडे कुठे अडते? तर ते काम फुटात, ब्रासमध्ये, एच.पी.त मोजता येत नाही, इथे अडते. दुरुस्तीचे दोन भाग असतात. एक, काय बिघडले ते शोधणे. दुसरा, ते नीट करणे. नीट करणे आपल्याला डोळ्यांनी दिसते. कंडेन्सर बदलला, वायसर बदलला, सैल झालेली तार घट्ट केली. शोधणे दिसत नाही. म्हणून आपण फक्त दिसणाऱ्या भागाचे पैसे मोजायला जातो आणि म्हणतो, "पाच मिनिटांचे दोनशे?"

व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट फिरत असते. बंद पडलेल्या मोठ्या यंत्राला कारागीर हातोडीचा एकच ठोका मारतो, यंत्र सुरू होते, आणि मोठे बिल बघून मालक चिडला की तो सांगतो, ठोक्याचे पैसे थोडेच आहेत, कुठे मारायचा हे कळण्याचे बाकीचे. गोष्ट चांगली आहे. पण ती अर्धीच आहे. तिच्यात कारागिराच्या डोक्याचे पैसे धरले आहेत, पायांचे धरलेले नाहीत! तो आला कुठून, गेला कुठे, वाटेत किती वेळ गेला, आणि त्याच दिवशी दुसऱ्या दोन ठिकाणी जाऊन हात हलवत परत आला त्याचे काय, हे कुणी विचारत नाही.

आपल्या भाषेत त्यासाठी एक नेमका शब्द आहे, हेलपाटा. हेलपाटा म्हणजे नुसते जाणे-येणे नव्हे, फुकट गेलेले जाणे-येणे. आमचा जत तालुका विस्ताराने सांगली जिल्ह्यातला सगळ्यात मोठा. पूर्व भागात संख, उमदी, माडग्याळ या बाजूला जा, घरे गावठाणात कमी आणि रानातल्या वस्त्यांवर जास्त. तिथे कानडी बोलणारी माणसे पुष्कळ, दर विचारताना "एष्टु?" म्हणून विचारतात. अशा वस्तीवर जतहून वायरमन बोलावला, की वीस किलोमीटर जायचे आणि वीस यायचे. गाडी लिटरला पन्नास देते असे धरा, आणि शंभराच्या वर गेलेल्या भावाने पेट्रोल धरा. ऐंशी-नव्वद रुपये रस्त्यावरच गेले. एवढे करून पोचावे तर लाइट गेलेली असते. शेतीची थ्री-फेज लाइट ठरावीक तासच असते, ते तास चुकले की टेस्टर काय करणार? किंवा घराला कुलूप असते. किंवा सामान असे निघते, की ते सांगलीहून मागवावे लागेल, म्हणजे आणखी एक खेप. किंवा घरचा कर्ता माणूस म्हणतो, "राहू दे, मुलगा आल्यावर बघू." अशा खेपेचे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही. चहा मात्र आग्रहाने पाजतात.

मी एकदा पाटी-पेन्सिल घेऊन गणित मांडून बघितले. तुम्हीही मांडा. समजा, वायरमनला महिन्याला घरी वीस हजार रुपये न्यायचे आहेत. आजच्या महागाईत, दोन मुलांच्या शिक्षणासह, ही काही चैन नव्हे. समजा, महिन्यातले वीस दिवसच त्याला खरे काम मिळते, कारण पावसात, लग्नसराईत, यल्लम्माच्या जत्रेत, आजारपणात दिवस जातात. म्हणजे दिवसाला हजार रुपये निव्वळ हवेत. पेट्रोल, गाडीची झीज, मोबाइल, हत्यारे यांना रोज तीनशे धरा. झाले तेराशे. दिवसात तो पाच घरी गेला, त्यांतला एक हेलपाटा झाला, तर पैसे देणारी घरे उरली चार. तेराशे भागिले चार, तीनशे पंचवीस. म्हणजे दर घरामागे तीनशे पंचवीस मिळाले तर त्याचा संसार चालतो. आपण दीडशे देतो आणि वर "फार महाग झालेत हे लोक" म्हणतो. आकडे माझे, समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे आकडे घालून बघा. उत्तर बदलेल, पण रीत बदलणार नाही.

ही रीत काही माझी नव्हे. आम्ही बी.ए.ला अर्थशास्त्र मराठीतून शिकलो. त्यात अ‍ॅडम स्मिथ होता. १७७६ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याने मजुरी कमी-जास्त का असते याची पाच कारणे दिली आहेत. काम सुखाचे की कष्टाचे, शिकायला सोपे की अवघड, बारमाही की अधूनमधून, जबाबदारी किती, आणि यश मिळण्याची खात्री किती. तिसऱ्या कारणासाठी त्याने गवंड्याचे उदाहरण घेतले आहे. कडाक्याच्या थंडीत आणि खराब हवेत गवंड्याचे काम बंद पडते, शिवाय गिऱ्हाईक बोलावील तेव्हाच काम. म्हणून कामाच्या दिवशी तो जे मिळवतो त्यातच त्याचे रिकामे दिवसही निघाले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. अडीचशे वर्षे झाली. स्कॉटलंडातल्या माणसाला कळलेली गोष्ट आपल्याला आपल्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाबद्दल कळू नये?

बरे, आपण येण्याचे पैसे कुणालाच देत नाही असेही नाही. डॉक्टरला देतो. त्याने जीभ बघितली, नाडी बघितली आणि "काही नाही, विश्रांती घ्या" म्हणाला, तरी फी देतो. उलट काही निघाले नाही म्हणून आनंदाने देतो. रिक्षाला देतो. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे दीड किलोमीटरला २६ रुपये झाले. दोनशे पावले जाऊन उतरलात तरी तेवढेच. भटजींना आपण पूर्वी यथाशक्ती दक्षिणा देत होतो, आता सत्यनारायणाचा आकडा ते फोनवरच सांगतात आणि आपण मान्य करतो. कंपनीच्या माणसालाही देतो. आमच्याकडे पाणी शुद्ध करायचे एक यंत्र आहे. ते बंद पडले तेव्हा कंपनीत फोन केला. पलीकडच्या मुलीने आधीच बजावले, की माणूस येऊन बघण्याचा आकार अमुक, सामानाचे वेगळे. तो आला, पिनेत अडकलेला कचरा काढला, छापील पावती फाडली. घरात कुणी ब्र काढला नाही. त्याच आठवड्यात गल्लीतल्या वायरमनने त्याच्या निम्म्याहून कमी पैसे मागितले, तर "अरे, घरचाच ना तू?" असे म्हणून त्यातलेही पन्नास कमी झाले. छापील पावतीला मान आणि ओळखीच्या माणसाला भीड, असा हा न्याय आहे.

आता खरी मेख सांगतो. आपण मजुरीत घासाघीस केली म्हणजे पैसे वाचतात, असे आपल्याला वाटते. ते वाचत नाहीत. ते दुसऱ्या दाराने जातात.

माझ्या हाताखालून गेलेली पुष्कळ मुले आज जतमध्ये वायरमन, प्लंबर, फिटर आहेत. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, पण हाताने हुशार. त्यांतल्या एकाला मी मोकळेपणाने विचारले, की तुझे पोट खरे कशावर चालते? तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू? मजुरी सांगितली की माणूस भांडतंय. सामानाचं बिल दुकानाचं असतंय, त्याला कोण बोलत न्हाई. मग आमी तरी काय करायचं?" म्हणजे असे, की मजुरी शंभर लावायची आणि उरलेले सामानात काढायचे. दुकानदाराशी त्याचे ठरलेले असते. त्यात चोरी आहे असे मी म्हणत नाही, दुकानदार ठोक गिऱ्हाइकाला सूट देतोच. पण याचा परिणाम काय होतो बघा. ज्याचे पोट सामानावर आहे, तो दुरुस्त कशाला करील? तो बदलायलाच सांगणार. वीस रुपयांच्या वायसरने भागणारे असेल तिथे अख्खा नळ. साफ करून चालणारे असेल तिथे नवीन स्टार्टर. आणि जो प्रामाणिक पोरगा अर्धा तास बसून जुनीच वस्तू नीट करतो, त्याच्या हाती शंभर रुपये पडतात. म्हणजे मजुरी नाकारून आपण प्रामाणिक कारागिराला दंड करतो आणि बदलणाऱ्याला बक्षीस देतो. हे आपणच घडवले आहे.

या प्रकाराचा अर्थशास्त्रज्ञांनीही अभ्यास केला आहे. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी या दोघांनी दाखवून दिले, की काही सेवा अशा असतात, की पैसे देऊन, काम करून घेतल्यावरसुद्धा त्या कामाची गरज होती की नव्हती हे गिऱ्हाइकाला कळत नाही. कंडेन्सर बदलल्यावर पंखा फिरला; पण तो तार घट्ट करूनही फिरला असता का, हे मला कसे कळणार? अशा ठिकाणी आपण वस्तू घेत नसतो, विश्वास विकत घेत असतो. २०१६ साली ऑस्ट्रियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी एकसारखा बिघाड मुद्दाम करून ठेवलेले संगणक दुरुस्तीला दिले. काही दुकानांत सांगितले, की खर्च विमा कंपनी देणार आहे. त्या दुकानांची बिले सरासरी ८० टक्क्यांहून अधिक फुगली! बिघाड तोच, माणसेही इकडच्यासारखीच. बिल बघणारे कुणी नाही एवढे कळले की आकडा वाढतो. तेव्हा "आमच्याकडचेच लोक असे" हे म्हणणे सोडून द्यावे.

मग ही "समजून द्या" पद्धत आली कुठून? मला वाटते, ती बलुत्याची शेपूट आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. जुन्या गावाचे व्यवहार समजून घ्यायला आजही त्याच्याइतके उपयोगी पुस्तक कमी. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी वर्षभर गावाची कामे करायचे आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन बलुते घ्यायचे. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या, आणि कुठल्या ओळीत त्यावर वाट्याला किती येणार ते ठरे. कुणब्याने नांगराचा फाळ शेवटायला नेला की लोहार त्याच वेळी पैसे मागत नसे. येण्या-जाण्याला किंमत नव्हती, कामाला स्वतंत्र दर नव्हता. पीक आले तर वाटा, नाही आले तर तोही उपाशी.

काही लोक या पद्धतीचे गोडवे गातात. मी गात नाही. तिच्यात दर सांगण्याचा हक्क एकाच बाजूला होता. खळ्यावर पदर किंवा टोपली पुढे धरून उभे राहायचे आणि देणाऱ्याच्या हाताकडे बघायचे, याला व्यवहार म्हणत नाहीत. धाकट्यांनी तर तोंडही उघडायचे नाही. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, बलुते हळूहळू मोडले, नाणे आले, नोटा आल्या, आता तर फोनवरून पैसे जातात. पण "द्या समजून" म्हणताना कारागिराची मान जी किंचित खाली जाते, ती अजून त्या खळ्यावरचीच आहे. माझ्यासमोर तर ती जास्तच जाते, कारण मी त्याचा गुरुजी! मला ते आवडत नाही. ज्याला मी वर्गात "ताठ उभा राहा आणि स्पष्ट बोल" असे शिकवले, त्याने स्वतःच्या कष्टाची किंमत पुटपुटावी?

बलुत्यात एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती, ती टाकून देऊ नये. पैसे खेपेवर नव्हते, वर्षावर होते. त्यामुळे लोहाराचे हित फाळ टिकण्यात होते, पुन्हा पुन्हा मोडण्यात नव्हते. आज कंपन्या वार्षिक देखभाल करार करतात तो याच तत्त्वावर. जात आणि लाचारी वगळून, रोख पैशांत, हे आपल्या गल्लीत का होऊ नये? दहा-बारा घरांनी मिळून एका वायरमनला वर्षाचे ठरलेले पैसे द्यावेत, त्याने दोन महिन्यांतून एकदा सगळीकडे फिरून जावे, मध्ये बोलावले तर यावे, सामानाचे पैसे मूळ बिलाप्रमाणे. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या घरांना तर याची फारच गरज आहे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत दोघेच आहेत, मुले पुण्याला किंवा त्याच्याही पलीकडे. रात्री मेन स्विच पडला तर स्टुलावर कोण चढणार?

आता विरोधी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. एक शेजारीण मला म्हणाल्या, "गुरुजी, दर ठरवला की गरिबानं काय करायचं? आता तो पोरगा एकट्या म्हातारीकडून वीस रुपये घेतो नाहीतर घेतच नाही. फलक लावला की तिलाही तीनशेच पडणार." खरे आहे. तोंड बघून दर लावण्याची एक वाईट बाजू आहे आणि एक चांगलीही आहे. बंगल्याला जास्त आणि झोपडीला कमी, हे आमचे कारागीर कुणी न शिकवता करत आले आहेत. पण दर ठरवल्याने ही माणुसकी संपत नाही. दर ठाऊक असला तरच सूट ही सूट ठरते. तीनशेचे काम वीसमध्ये केले तर त्याने दोनशे ऐंशी रुपये म्हातारीला दिले, हे त्यालाही कळते आणि तिलाही. दरच नसेल तर त्याचा चांगुलपणाही हिशेबात येत नाही आणि दुसऱ्या घरी केलेली लूटही नाही.

दुसरा आक्षेप पुण्याच्या भाच्याचा. तो म्हणतो, "मामा, हे सगळं अ‍ॅपवर सुटलंय. दर लिहिलेले असतात, वेळ ठरलेली असते." मोठ्या शहरांत ते आहे खरे. अर्बनक्लॅप नावाने २०१४ साली सुरू झालेल्या आणि २०२० पासून अर्बन कंपनी म्हणवणाऱ्या संस्थेने घरी येणाऱ्या कारागिरांचे दरपत्रक मोबाइलवर आणले. दर आधी कळणे, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. पण तिथे दर कारागीर ठरवत नाही, कंपनी ठरवते आणि त्यातले आपले कमिशन कापून घेते. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला त्या कंपनीसाठी काम करणाऱ्या बायका याच कमिशनच्या आणि अटींच्या विरोधात रस्त्यावर आल्या होत्या. म्हणजे खळे बदलले, देणारा हात बदलला, दर सांगण्याचा हक्क पुन्हा दुसऱ्याकडेच! जतला अशा अ‍ॅपची वाट बघायची गरज नाही. आमच्या केशकर्तनालयात भिंतीवर दरपत्रक टांगलेले असते, दाढीचे किती, कटिंगचे किती. कुणी भांडत नाही. जे न्हावीदादाला जमले ते वायरमनला जमणार नाही काय?

सरकारनेही कारागिरांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली आहे, पण तीही जुन्या चौकटीत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी वगैरे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये. चांगले आहे. मात्र या अठरांत वायरमन नाही आणि प्लंबरही नाही. ज्यांच्यावाचून आजचे घर एक दिवस चालत नाही, ते या यादीच्या बाहेर. पण त्या ५०० रुपयांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नुसते शिकायला बसलेल्या कारागिराच्या दिवसालाही सरकार किंमत देते. मग शिकून तयार झालेल्या माणसाची आपल्या दारातली खेप फुकट कशी?

कायद्याचे म्हणाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सेवा देऊन पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पण तीनशे रुपयांच्या कामासाठी जतहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर सांगलीला कोण जाणार? आणि आपल्याच विद्यार्थ्यावर, आपल्याच गल्लीतल्या पोरावर तक्रार कोण करणार? इथे कायद्यापेक्षा सवय कामाला येईल. म्हणून चार सवयी सुचवतो. आमच्या घरी आम्ही त्या पाळतो.

एक, फोनवरच विचारायचे, "नुसते येण्याचे किती?" आणि आकडा ऐकून नाक मुरडायचे नाही. दोन, बिघाड कळला की काम सुरू करण्याआधी तीन आकडे वेगवेगळे सांगायला लावायचे, येण्याचे, मजुरीचे, सामानाचे. चिठ्ठीवर लिहून घेतले तर उत्तम. "गरज सरो, वैद्य मरो" ही आपली जात आहे. पंखा फिरू लागल्यावर प्रत्येक आकडा मोठा दिसतो. म्हणून आकडा पंखा बंद असतानाच ठरवावा. तीन, बदललेली जुनी वस्तू परत मागायची. संशय म्हणून नव्हे, रीत म्हणून. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे, काम झाले नाही तरी येण्याचे पैसे दारातच हातावर ठेवायचे. "पुढच्या वेळी घे" म्हणायचे नाही.

आणि माझ्या विद्यार्थ्यांना, त्यांच्यातले जे कुणी हे वाचतील त्यांना सांगणे असे. बाबांनो, भीड भिकेची बहीण. दर सांगा. कमी सांगा, जास्त सांगा, पण तोंडाने सांगा, आधी सांगा, आणि सगळ्यांना एकच सांगा. ज्याला सूट द्यायची त्याला उघड द्या. मजुरी पुरेशी घ्या आणि सामानात काढू नका. पहिले वर्षभर लोक कुरकुर करतील, काही गिऱ्हाइके तुटतील. पण जो माणूस स्वच्छ आकडा सांगतो आणि जुनी वस्तू नीट करून देतो, त्याचा नंबर बायका एकमेकींना देतात. जाहिरात करावी लागत नाही.

हे मी एवढ्या कळकळीने का लिहितो आहे? कारण यात आमचा स्वार्थ आहे. आमच्या गल्लीत पूर्वी हाकेच्या अंतरावर तीन वायरमन होते. एक चाकणला कारखान्यात लागला, एकाने वडापची गाडी घेतली, उरला एक. त्याचा मुलगा आय.टी.आय. करतो आहे आणि आताच म्हणतो, "दारोदार फिरून समजून घेण्यापेक्षा बारा तासांची ड्यूटी बरी." त्याला दोष कसा देणार? महिन्याच्या सात तारखेला ठरलेला पगार मिळतो, तिथे कुणाच्या पाकिटाकडे बघत उभे राहावे लागत नाही. पाऊस दगा देतो म्हणून आमच्या तालुक्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या बाहेर जात आली, ऊस तोडायला, खडी फोडायला, कारखान्यांत. म्हैसाळच्या पाण्याने काही भागात फरक पडला आहे. पण हातात कला असलेला मुलगा पाण्यासाठी नव्हे तर हेलपाट्याच्या पैशांसाठी गाव सोडणार असेल, तर तो दुष्काळ आपल्या पाकिटातला आहे.

तुमच्याकडे काय रीत आहे? परदेशातल्या मंडळींनी तिकडचेही सांगावे. तिथे म्हणे माणूस दारात उभा राहिला की मीटर सुरू. आणि जतमधल्यांनी निदान एवढे करावे, की पुढच्या वेळी "द्या समजून" असे कुणी म्हणाले, तर त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि तो आकडा सांगेपर्यंत पाकीट उघडू नये.